पाऊस, झाडं आणि आमचं पार्किंग: प्रकल्पाच्या नोंदी

१८ मे, सहकारनगर, पुणे

सोसायटीच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये आज ठरता ठरता राहिलं. प्रस्ताव असा की पार्किंगच्या कडेला जी मातीची पट्टी उरलीय ती पण पेव्हर ब्लॉक टाकून बंद करायची, झाडांच्या बुंध्यापर्यंत, म्हणजे चिखल होणार नाही, गाड्या दोन जास्त बसतील आणि दिसायला पण क्लीन. कोटेशन पण आलं होतं. मी म्हटलं गेटपाशी दर पावसाळ्यात घोट्याएवढं पाणी साठतं ते आधी बघा ना, तर उत्तर आलं की ते कॉर्पोरेशनच्या चेंबरचं काम आहे, आणि आपल्याकडे एवढी झाडं आहेत ती पितातच की पाणी.

झाडं पाणी पितात. बरं. पण किती, कधी, आणि पानांवर किती थांबतं, मातीत किती जातं, हे कोणालाच सांगता येईना, मलाही नाही. चौथ्या मजल्यावरचे काका इरिगेशनमधून रिटायर झालेत, ते शांतपणे म्हणाले, "अगं, भांडतेस कशाला, मोजून टाक एकदा." तर हा प्रकल्प तिथून सुरू. पावसाळा संपेपर्यंत पेव्हरचं काम थांबवायला कमिटी तयार झाली, तेही मुख्यतः ठेकेदार मोकळा नव्हता म्हणून.

काकांनी लगेच पहिलं गणित करून दिलं. १ मिमी पाऊस १ चौरस मीटरवर पडला की १ लिटर पाणी, एवढं लक्षात ठेवलं की बाकी सगळं तोंडी होतं. आमचं पार्किंग आणि आतला रस्ता मिळून साधारण १२०० चौरस मीटर काँक्रीट आणि पेव्हर. २० मिमीची एक सर आली की २४,००० लिटर. आत्ता मे महिन्यात आम्ही १०,००० लिटरचे टँकर विकत घेतोय, आणि जूनमध्ये अर्ध्या तासात अडीच टँकर पाणी गेटबाहेर ढकलून देणार. ग्रुपवर हे टाकलं तर तीन अंगठे आणि एक हसण्याचा इमोजी.

२४ मे

सामान जमवलं. किराणा दुकानातून तेलाचे रिकामे चौकोनी पत्र्याचे डबे आणले, वरचा पत्रा कापून कडा ठोकून घेतल्या (हात कापतो, ग्लोव्ह घाला). डबा आतून साडेतेवीस सेंटीमीटर बाय साडेतेवीस, म्हणजे ५५२ चौरस सेंटीमीटर, म्हणजे डब्यात ५५ मिली पाणी साठलं की १ मिमी पाऊस. मोजायला भाचीच्या कॉलेजच्या लॅबमधलं जुनं मेजरिंग सिलिंडर. डबा खोल असल्यामुळे थेंब उडून बाहेर जात नाहीत हा मोठा फायदा, ताटली-परात ठेवून हे जमत नाही.

उघड्यावरचे डबे गच्चीवर, टाकीपासून आणि कठड्यापासून लांब. झाडाखालचे डबे एका जागी ठेवून चालत नाही, कारण झाडाखाली पाऊस सारखा पडतच नाही, एखाद्या फांदीच्या टोकाखाली धार लागते आणि हातभर अंतरावर कोरडं असतं. म्हणून प्रत्येक झाडाखाली पाच डबे आणि दर सरीनंतर त्यांची जागा बदलायची, सरासरी धरायची.

झाडं दोन निवडली. मागचा आंबा, दाट, जुना, सावली साधारण ८ मीटर व्यासाची, खाली माती आणि पालापाचोळा कारण तिकडे कोणी जात नाही. आणि पुढचा पर्जन्यवृक्ष, आमच्याकडे सगळे रेनट्री म्हणतात, सावली १४ मीटर तरी असेल, आणि बुंध्याला चिकटून पेव्हर. शेजारच्या बिल्डिंगमधला बॉटल पाम नुसता बघायला.

३० मे

खोडावरून ओघळणारं पाणी वेगळं मोजायला हवं, ते डब्यांत येत नाही. काकांनी पद्धत सांगितली: बागेचा जुना पाइप उभा चिरायचा आणि खोडाभोवती तिरका, जिन्यासारखा एक वेढा द्यायचा, खालचं टोक कॅनमध्ये. अडचण अशी की आंब्याची साल खडबडीत, पाइप आणि साल यांच्यामध्ये फटी राहतात आणि पाणी मागून निसटतं. माळीकाका म्हणाले साल तासून देतो, मी नको म्हटलं, खिळा पण नको. मग त्यांनीच सायकलच्या ट्यूबने पाइप आवळला आणि फटींमध्ये सिलिकॉन भरलं. पूर्ण कोरडं खोड असल्याशिवाय सिलिकॉन धरत नाही, म्हणून हे काम जूनच्या आत उरकलं ते बरं.

रेनट्रीला हे जमणार नाही, बुंधा केवढा तरी आहे आणि फांद्या आडव्या पसरलेल्या, खोडाकडे पाणी यायला उतारच नाही.

६ जून

वळवाची सर. संध्याकाळी वारा, धूळ, मग टपोरे थेंब आणि पंधरा-वीस मिनिटांत खेळ खलास. गच्चीवर ४ मिमी. आंब्याखाली सरासरी १.७. रेनट्रीखाली २.९.

आंब्याखालच्या डब्यातलं पाणी चहाच्या रंगाचं होतं, तळाला बारीक काळा गाळ, बोटाने चोळला तर तेलकट. उन्हाळाभर पानांवर बसलेली रस्त्याची धूळ आणि धूर सगळा धुऊन खाली आला. गच्चीवरचं पाणी त्यामानाने स्वच्छ. म्हणजे झाडाने धूळ धरून ठेवली होती ती आता खाली आली, खाली माती असेल तर मातीत, पेव्हर असेल तर सरळ गटारात आणि तिथून ओढ्यात.

कॅनमध्ये खोडावरून एक थेंब नाही. साल वरवर ओली दिसत होती, पण ती स्वतःच पाणी पीत होती.

आणि रेनट्रीने आंब्यापेक्षा कमी का अडवलं? सावली तर तिप्पट मोठी. याचं उत्तर मान वर करून बघितल्यावर मिळालं. त्याची पानं मिटलेली होती. रेनट्री संध्याकाळ झाली, आभाळ दाटून आलं की पानं मिटतो, देठाच्या बुडाशी आणि प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी एक फुगीर गाठ असते, तिच्यातलं पाणी इकडून तिकडे सरकलं की पान वळतं. छत्री पावसातच मिटते म्हणा ना. म्हणूनच रेनट्रीखाली गवत चांगलं वाढतं, पाऊस खाली पोचतो. आणि आमच्याकडचा वळीव येतो तोच मुळी चार-पाचनंतर, आभाळ काळं करून.

हे मला फार आवडलं, पण कमिटीला कसं सांगायचं कळत नाहीये, कारण त्यांचा सगळा भरवसा त्या मोठ्या झाडावर आहे.

१४ जून

आज खरी परीक्षा. चाळीस मिनिटांत ३१ मिमी. गेटपाशी पाणी, वॉचमनच्या केबिनमध्ये पाणी, दोन स्कूटर बंद.

आकडे: उघड्यावर ३१, आंब्याखाली २८.५, रेनट्रीखाली ३० च्या आसपास (एक डबा कुत्र्याने पाडला, तो धरला नाही).

आता हे ६ जूनच्या शेजारी ठेवून बघा. तेव्हा आंब्याने ४ पैकी २.३ अडवले, म्हणजे निम्म्याहून जास्त. आज ३१ पैकी २.५, म्हणजे आठ टक्के. टक्केवारी कोसळली पण अडवलेलं पाणी जवळजवळ तेवढंच! पानं, डहाळ्या, साल मिळून जेवढं ओलं होऊ शकतं तेवढंच ते धरणार, साधारण दोन-अडीच मिमी, ते भरलं की वरून पडेल तेवढं खाली. तुम्ही ४ मिमी पाडा नाहीतर ४० पाडा, झाडाचं माप तेच.

लिटरमध्ये बोलायचं तर आंब्याची सावली ५० चौरस मीटर, २.५ मिमी म्हणजे सव्वाशे लिटर. रेनट्रीची दीडशे चौरस मीटर, पानं उघडी असती आणि २ मिमी धरले असते तर ३०० लिटर. आणि एवढ्या पावसात १२०० चौरस मीटर पार्किंगवरून किती पाणी वाहिलं? सदतीस हजार लिटरच्या आसपास. त्यात हे ३०० लिटर कुठे शोधायचे.

एक गोष्ट मात्र आकड्यांत दिसत नाही ती लिहून ठेवते. पाऊस थांबल्यावर गच्चीवरचा डबा तसाच राहिला आणि आंब्याखाली पुढची वीस-पंचवीस मिनिटं टपटप चालू होती. सुरुवातीला पण तसंच, गच्चीवर डबा वाजायला लागल्यावर बऱ्याच वेळाने झाडाखालचा वाजला. पाणी येतं तेवढंच पण उशिरा आणि पसरून येतं. गटार तुंबतं ते एकूण पाण्याने कमी आणि एकदम आलेल्या पाण्याने जास्त, त्यामुळे ही उशिराची किंमत आहेच.

१९ जून

काकांकडे चहा आणि क्लास. पावसाळी गटार डिझाइन करताना वापरतात ते सूत्र अगदी साधं आहे: पाण्याचा लोंढा म्हणजे पावसाचा जोर गुणिले क्षेत्रफळ गुणिले एक गुणांक, आणि हा गुणांक म्हणजे पडलेल्या पाण्यातलं किती वाहून जातं तो हिस्सा. डांबर-काँक्रीटला ०.९ च्या आसपास, हिरवळीला, मोकळ्या मातीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने किंवा अजून कमी. आमचं पार्किंग, ताशी ४० मिमीचा पाऊस, ०.९: सेकंदाला १२ लिटर. दर सेकंदाला एक बादली गेटवर येऊन आदळतेय, असं काका म्हणाले.

मग ते मुंबईवर घसरले, कारण त्यांचा आवडता विषय. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिमी पावसासाठी बांधलेली, आणि तेही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. ब्रिमस्टोवॅड, म्हणजे मुंबईची पावसाळी गटारं सुधारायची योजना, तिचा अहवाल १९९३ चा, त्यात ताशी ५० मिमी धरायचं ठरलं आणि गुणांक धरला १, म्हणजे मुरणार काहीच नाही, सगळं वाहणार. मग २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, त्याला कुठलंच गटार पुरलं नसतं ते सोडा. पण काकांचा मुद्दा वेगळा होता. "पन्नासकडे सगळे बघतात गं, त्या एककडे कोणी बघत नाही. अर्ध्याचा एक झाला म्हणजे शहराने जमीन सोडून दिली."

मला हे डोक्यात बसलं. आमच्या सोसायटीचा पण गुणांक आम्ही पेव्हर टाकून टाकून एकाकडे नेतोय आणि मग झाडांकडे बघून म्हणतोय प्या पाणी.

२३ जून

सेक्रेटरींचं म्हणणं, पेव्हरच्या फटींतून मुरतं की पाणी, काँक्रीट थोडंच आहे. ठीक आहे, मोजू.

रंगाच्या डब्याचं बूड कापून रिंग केली, फळी ठेवून हातोडीने मातीत पाच सेंटीमीटर ठोकली, आत पाच सेंटीमीटर पाणी ओतलं आणि मोबाइलवर टायमर. पहिलं पाणी नेहमी पटकन जातं, माती तहानलेली असते, त्यामुळे तिसऱ्यांदा ओतलेलं धरायचं.

आंब्याखाली, पालापाचोळा बाजूला न करता: तिसऱ्यांदा ओतलेलं पाणी वीस मिनिटांच्या आत गायब. रिंग काढल्यावर बघितलं तर माती भुसभुशीत, गांडुळांची भोकं, केसासारखी बारीक मुळं, कुजकी पानं. मुळं वाढतात, मरतात, कुजतात आणि मागे नळ्या राहतात, पाणी त्या नळ्यांनी खाली जातं.

पार्किंगच्या कडेच्या मातीत, जिथे स्कूटर लावतात: एक तास थांबले, पाणी सेंटीमीटरभर पण उतरलं नाही. रिंग ठोकतानाच हातोडी उडत होती. म्हणजे नुसती माती दिसली म्हणून खूश व्हायचं कारण नाही, चाकाखाली दाबलेली माती आणि पेव्हर यांत पावसाच्या दृष्टीने फार फरक उरत नाही. हे कमिटीच्या बाजूने जाणारं वाक्य आहे पण खरं आहे.

पेव्हरवर रिंग ठोकता येत नाही, म्हणून चिकणमातीचा बांध घालून पाणी ठेवलं. दुपारी ठेवलेलं संध्याकाळी होतंच. एक ब्लॉक उचकटल्यावर कारण दिसलं, खाली ग्रिट (बारीक खडी) आणि त्याखाली चक्क काँक्रीटचा थर. फटी आहेत, पण फटी काँक्रीटवर उघडतात.

त्याखाली आमची माती बरीचशी काळी, भरावाचा मुरूम मिसळलेली. काळ्या मातीची गंमत अशी की उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्या भेगांतून धो धो आत जातो, मग माती फुगते, भेगा मिटतात आणि मुरणं एकदम मंदावतं. मुळं आणि पालापाचोळा असेल तिथेच ती जरा उघडी राहते.

८ जुलै

आता पुण्याचा खरा जुलै. दिवसभर रिपरिप, भुरभुर, मध्ये तासभर उघडीप, परत भुरभुर. कपडे वाळत नाहीत. हवामान खातं २४ तासांत २.५ मिमीपेक्षा कमी पडला तर त्याला पावसाळी दिवस म्हणून मोजतच नाही, आणि आमच्याकडे असे न मोजले जाणारे ओले दिवस पुष्कळ.

आणि इथे आंब्याने कमाल केली. आठवड्याचं मिळून गच्चीवर ३८ मिमी, आंब्याखाली २१. जवळजवळ निम्मं वरच्या वर गेलं! कारण उघडीप मिळाली, वारा सुटला की पानं वाळतात, आणि पुढच्या भुरभुरीला ते दोन मिमीचं माप परत रिकामं. ३१ मिमी एका दमात पडले तर आठ टक्के, ३८ मिमी आठवडाभर पसरून पडले तर पंचेचाळीस. झाड तेच, डबे तेच. त्यामुळे "झाड किती टक्के पाऊस अडवतं" असा आकडा कोणी सांगितला तर आधी विचारायचं, कुठला पाऊस?

थंड देशांत पानगळीची झाडं हिवाळ्यात उघडी असतात आणि तेव्हाचा पाऊस सरळ खाली येतो, तिथल्या अभ्यासांत हा फरक नेहमी वेगळा दाखवावा लागतो. आपल्याकडे पाऊस येतो तेव्हा झाडं भरलेली असतात, एवढं एक आपलं नशीब. काय लावायचं हे ठरवताना मात्र पान बघायला हवं, आंबा, जांभूळ, बकुळ, करंज असली दाट झाडं या कामाला चांगली.

खोडाचा कॅन: १० मिमी पावसाच्या दिवशी चार लिटर. सावलीवर ५०० लिटर पडले त्यातले चार, एक टक्का पण नाही. शेजारच्या बॉटल पामचं उलटं. त्याची झावळी म्हणजे पन्हळच, सगळं पाणी खोडाकडे आणतात आणि खोड गुळगुळीत, पाऊस जोरात असला की खोडावरून अखंड पातळ पदर उतरताना दिसतो. आणि खाली काय, तर डेकोरेटिव्ह टाइल्स. बिल्डर लोकांना पाम का आवडतो माहीत आहे, पालापाचोळा फार पडत नाही, सावली पडत नाही, फोटो छान येतो.

१५ जुलै

परवानगी मिळाली, एका झाडाची. रेनट्रीभोवती पेव्हर काढायचे, दोन चारचाकींच्या मधली जागा, गाडी एकही कमी होणार नाही या अटीवर. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं, त्याचा किती उपयोग झाला माहीत नाही, पण सेक्रेटरींच्या मिसेसना झाडाखाली बसायला कट्टा हवा होता त्याचा झाला.

काम पहार आणि हाताने केलं, मशीन नाही. अडीच मीटर बाय अडीच मीटरचा चौकोन. पेव्हर सहा सेंटीमीटर, खाली ग्रिट आणि काँक्रीट मिळून नऊ-दहा. एवढं काढलं की आपोआप पंधरा सेंटीमीटर खोल आळं तयार होतं, माती खणायची गरजच नाही आणि खणायची पण नव्हती, कारण काँक्रीटच्या अगदी खालीच मुळं चपटी होऊन पसरलेली. एक मनगटाएवढं मूळ चक्क काँक्रीटच्या खालच्या बाजूचा आकार घेऊन सपाट झालं होतं. माळीकाका त्याच्यावरून हात फिरवत राहिले, मग म्हणाले, "ताई, हे वर यायला बघत होतं."

पार्किंगच्या उताराकडची कडेची वीट दोन ठिकाणी काढली, म्हणजे पाणी आत यावं. आत येतं तिथे हातभर खडी, जोर मोडायला. बाकी सगळीकडे झाडाचाच पालापाचोळा. स्टॉकहोममध्ये फूटपाथखाली मोठ्या खडीचे थर करून त्यात झाडांची मुळं आणि पावसाचं पाणी दोन्ही सोडतात, ते वाचून मला मोठी स्वप्नं पडली होती, पण आमचं बजेट म्हणजे दोन मजूर, एक ट्रॉली राडारोडा उचलणं आणि वडापाव.

आता गणित, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकल्पातलं हेच महत्त्वाचं. बुंधा वजा जाता आळं सहा चौरस मीटर, खोली १५ सेंटीमीटर, म्हणजे मातीत काही न मुरता नुसतं भांडं म्हणून ९०० लिटर. झाडाच्या दीडशे चौरस मीटर पानांचं माप ३०० लिटर, तेही उघडी असतील तर. पायाखालचा एवढासा चौकोन डोक्यावरच्या अख्ख्या पसाऱ्याच्या तिप्पट! आणि हा चौकोनच आम्ही बंद करून ठेवला होता.

या आळ्याकडे उतार असलेलं पार्किंग साधारण १२० चौरस मीटर. म्हणजे पहिले सात-आठ मिमी इथेच जिरायला हवेत.

२९ जुलै

जिरतात. १० मिमीपर्यंतच्या सरींना त्या बाजूने गेटकडे पाणी गेलंच नाही, आळं भरतं, तास-दोन तासांत उतरतं. आता पाऊस सलग असल्यामुळे माती भरलेली आहे, तरी उतरतंय.

तक्रारींची यादी पण आली. डास: पाणी सकाळपर्यंत राहत नाही आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा तरी लागतो, तेव्हा हे नाही, पण वरच्या मजल्यांवरच्या कुंड्यांच्या ताटल्या बघा. पायाला ओल लागेल: बिल्डिंगपासून आळं बरंच लांब आहे, काकांनी लेखी दिलं. पालापाचोळा चेंबरच्या जाळीवर जातो: ही तक्रार शंभर टक्के खरी. १४ जूनला गेटपाशी पाणी साठलं त्यात जाळीवर बसलेल्या रेनट्रीच्या पानांचा आणि शेंगांचा मोठा हात होता, चिकट शेंगा आणि पानं मिळून जाळीवर गोधडी बसते. झाडाची बाजू घेणाऱ्यांनी हे लपवू नये. उपाय साधा, झाडलेला पाला पोत्यात भरून बाहेर ठेवायचा नाही, आळ्यात टाकायचा, आणि जाळी पावसाच्या दिवसांत रोज बघायची. वॉचमनने मान हलवलीय, बघू.

१२ ऑगस्ट

छोटी नोंद. रेनट्रीची "थोडी छाटणी" करून घ्यायची म्हणून एकाने परस्पर माणूस बोलावला होता. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते म्हटल्यावर तो माणूसच निघून गेला. वाळलेल्या दोन फांद्या गाडीवर लोंबतायत, त्या काढायलाच हव्यात, त्यासाठी रीतसर अर्ज केला. सगळी छत्री उडवायला अर्ज करणार नाही.

२६ सप्टेंबर

काल रात्रीचा पाऊस. विजा, ढगफुटीसारखा आवाज, ५४ मिमी आणि त्यातला बहुतेक तासाभरात.

२५ सप्टेंबर तारीख आमच्या भागात कोणी विसरत नाही. २०१९ ला याच रात्री आंबील ओढ्याला पूर आला, अरण्येश्वरकडची टांगेवाले कॉलनी, दांडेकर पूल, सगळीकडे घरांत पाणी, गाड्या एकमेकांवर, वीसहून जास्त माणसं गेली. काल रात्री बऱ्याच घरांत लाइट चालू होते.

आळ्याचं काय झालं ते स्पष्ट लिहिते. पंधरा मिनिटांत भरलं आणि मग वाहायला लागलं. माती आधीच तुडुंब, रेनट्रीची पानं मिटलेली, रात्र होती. गेटपाशी पाणी साठलंच. फरक एवढाच की ते नेहमीपेक्षा उशिरा साठलं, वॉचमनच्या केबिनच्या पायरीला लागून थांबलं आणि पाऊस ओसरल्यावर लवकर उतरलं, आणि यात रोज साफ केलेल्या जाळीचा वाटा किती आणि आळ्याचा किती हे वेगळं काढता येणार नाही.

म्हणजे ज्या पावसाची सगळ्यात भीती, परतीचा, विजांचा, रात्रीचा, त्याच्यापुढे झाडाची पानं जवळजवळ काही करत नाहीत आणि एकटं आळं पण हरतं. आंबील ओढ्यात पाणी येतं कात्रजकडून, तळजाईच्या उतारावरून, शेकडो सोसायट्यांच्या पार्किंगमधून, आणि ओढ्याचं पात्र आवळलेलं ते वेगळंच. तळजाईवर पण नुसतं हिरवं दिसतं म्हणून भुलू नये, तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरून आणलेलं झाड) भरमसाट लावलंय, खालची जमीन कशी आहे ते जाऊन रिंग ठोकून बघायची फार इच्छा आहे. आमच्या ९०० लिटरने ओढा थांबत नाही. पण पावसाळ्यातल्या बहुतेक सरी १० मिमीच्या आतल्या असतात, आणि त्यांचं पाणी आता त्या कोपऱ्यातून बाहेर जात नाही, हे जुलैपासून दोन महिन्यांहून जास्त डोळ्यांनी बघितलं.

काकांचं मत जरा वेगळं. ते म्हणतात एकाच्या जागी अशी पाच आळी असती तर काल पण गेटपर्यंत पाणी आलं नसतं. मी हिशोब केला, पाच आळ्यांचे साडेचार हजार लिटर आणि पडलेलं पाणी पासष्ट हजार. नसतं आलं असं नाही, केबिनच्या पायरीपासून जरा लांब राहिलं असतं. त्यावर काका म्हणाले, "मग बोअरजवळ शोषखड्डा पण घे की यादीत." घेतला.

१२ ऑक्टोबर

मीटिंग झाली. मी तीनच गोष्टी बोलले: झाडाच्या पानांचं माप दोन मिमी, ते रिपरिप पावसात कामाचं, मोठ्या सरीला कामाला येते ती बुंध्याभोवतीची उघडी माती, आणि ती दाबली किंवा झाकली की झाड नुसतं सावलीपुरतं. चौथी गोष्ट काकांनी टाकली, टँकरची बिलं.

ठरलं ते असं. कडेच्या पट्टीवर पेव्हर टाकायचे नाहीत, त्याऐवजी स्कूटर आत जाऊ नयेत म्हणून दगड लावायचे, माती हलकी करून पाला टाकायचा. जांभूळ आणि दोन्ही करंज यांच्याभोवती आळी, एका गाडीची जागा जाईल, ती कोणाची यावर अर्धा तास वाद झाला आणि शेवटी चेअरमननी स्वतःची व्हिजिटर पार्किंगला लागून असलेली जागा सोडली. बोअरजवळच्या शोषखड्ड्याचं कोटेशन मागवायचं. पुढच्या जूनला जाळीची जबाबदारी विंगप्रमाणे वाटून.

डबे घासून जिन्याखाली ठेवलेत, कोणी भंगारात देऊ नका. जांभळाचं काम या रविवारी सकाळी आठला, मागच्या वेळी आणलेली पहार बी विंगमध्ये कोणाकडे तरी राहिलीय, ज्यांच्याकडे असेल त्यांनी ग्रुपवर सांगा.